डिप्लोमाच्या वाटेने विद्यापीठात
(दहावीनंतर, सातासमुद्रापार : लेखांक ६)

गेल्या आठवड्याच्या लेखात इंग्लंडमधल्या ए-लेव्हलची ओळख झाली. सोळाव्या वर्षी तीन विषय निवडायचे, दोन वर्षं तेच घोटायचे आणि अखेरच्या लेखी परीक्षेत काय तो सोक्षमोक्ष लावायचा. पण तिथली सगळीच मुलं या वाटेने विद्यापीठात जात नाहीत. दरवर्षी हजारो मुलं बिझनेसचा डिप्लोमा हातात घेऊन तिथे पोचतात.

या डिप्लोमाचं नाव बीटेक. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पदवीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. १९८४ मध्ये व्यवसायशिक्षण आणि तंत्रशिक्षण अशी दोन मंडळं एकत्र होऊन तिथे एक परिषद उभी राहिली, तिच्या नावाची ही आद्याक्षरं. ती परिषद १९९६ मध्ये एडेक्सेल या परीक्षा मंडळात विलीन झाली, पुढे एडेक्सेल पिअर्सन कंपनीकडे गेलं. नाव मात्र तेच राहिलं.

बीटेक अभ्यासक्रमांच्या कुटुंबातला सर्वांत मोठा सदस्य म्हणजे बिझनेसचा ‘एक्स्टेंडेड डिप्लोमा’. दोन वर्षं, तेरा युनिट्स, १,०८० तासांचं अध्यापन. वजन तीन ए-लेव्हलइतकं. पहिल्याच युनिटमध्ये विद्यार्थ्याला दोन परस्परविरुद्ध संस्था शोधाव्या लागतात, एक नफ्यासाठी चालणारी आणि एक ना-नफा तत्त्वावरची, आणि त्यांची मालकी, रचना, उद्दिष्टं यांची तुलना करावी लागते. चौथ्या युनिटमध्ये तर खरोखरचा कार्यक्रम पार पाडायचा असतो. समजा मुलांनी धर्मादाय संस्थेसाठी केक विकायचं ठरवलं. मग खोलीचं बुकिंग, खर्चाचा अंदाज, पोस्टर्स, धोक्यांची यादी, कोणाला केकमधल्या शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर काय, इथपर्यंत सगळं कागदावर आणायचं. केक संपले म्हणून काम संपत नाही. काय फसलं, का फसलं आणि पुन्हा करायचं झालं तर काय बदलू, हे लिहिल्याशिवाय वरची श्रेणी मिळत नाही.

श्रेणीचं गणित असं. मुद्दा नुसता स्पष्ट केला तर पास, विश्लेषण केलं तर मेरिट, दोन्ही बाजू तोलून निष्कर्ष काढला तर डिस्टिंक्शन. असाइनमेंट कमी पडली तर ती सुधारून देण्याची संधी एकदाच, तीही कॉलेजने मंजूर केली तर आणि कामाच्या पंधरा दिवसांत. म्हणजे ‘परीक्षा नाही, मजा आहे’ हा समज पहिल्या सहामाहीतच उतरतो. शिवाय २०१६ च्या फेररचनेपासून तेरापैकी चार युनिट्सचं मूल्यमापन बाहेरून होतं. वित्ताचा दोन तासांचा पेपर असतो आणि त्यात ना-नफा-ना-तोटा बिंदू, रोख प्रवाहाचा अंदाज, घसारा सगळं येतं. मार्केटिंगच्या युनिटमध्ये माहिती आधी मिळते, पण मोहिमेचा आराखडा पर्यवेक्षकासमोर तीन तासांत लिहावा लागतो.

विद्यापीठ प्रवेशाचं काम पाहणारी यूकास ही संस्था या श्रेणींना गुण देते. तीन डिस्टिंक्शन म्हणजे १४४, म्हणजेच ए-लेव्हलमधल्या तीन ‘ए’इतके. तीन मेरिट म्हणजे ९६, तीन ‘सी’च्या तोडीचे. हा तक्ता पाहून पालक निर्धास्त होतात आणि गफलत नेमकी इथेच होते. गुण सारखे असले म्हणून दार सारखंच उघडतं असं नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अर्थशास्त्र पदवीला ए-लेव्हलचं गणित लागतं. ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन पदवीलाही लागतं. बिझनेस डिप्लोमात कॅल्क्युलस येतच नाही, त्यामुळे तिथे तीन डिस्टिंक्शनचा उपयोग नाही. उलट मार्केटिंग, मनुष्यबळ, अकाउंटिंग, बिझनेस मॅनेजमेंट या पदव्यांना कित्येक विद्यापीठं हा डिप्लोमा आनंदाने घेतात. मधली वाटही आहे: एका ए-लेव्हलएवढं छोटं बीटेक सर्टिफिकेट आणि सोबत दोन ए-लेव्हल, त्यांत एक गणित. गणिताची भीती नसलेल्या मुलाने हीच जोडी धरावी.

आपल्याकडे पॉलिटेक्निक करून डायरेक्ट सेकंड इयरला जाणाऱ्यांकडे जसं जरा तिरकं पाहिलं जातं, तसं बीटेकवाल्यांकडे तिथेही पाहिलं जातं. (फरक इतकाच की बीटेकनंतर पदवीच्या पहिल्याच वर्षात बसावं लागतं.) पण ही वाट कोणाची आहे ते पाहायला हवं. सोशल मार्केट फाउंडेशन या तिथल्या अभ्यासगटाच्या २०१८ च्या अहवालानुसार विद्यापीठात येणाऱ्या कामगारवर्गीय गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४४ टक्क्यांकडे किमान एक बीटेक होतं, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ३७ टक्के फक्त बीटेकच्या जोरावर आले होते. आत शिरल्यावरची अडचणही खरी आहे. असाइनमेंटची सवय झालेल्या मुलाला पहिल्या वर्षाची लेखी परीक्षा आणि संख्याशास्त्र जड जातं, आणि मध्येच शिक्षण सोडण्याचं प्रमाण ए-लेव्हलवाल्यांपेक्षा यांच्यात जास्त आढळतं.

व्यवस्थेला या मुलांची किती फिकीर आहे, हे ऑगस्ट २०२० मध्ये दिसलं. कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या. ए-लेव्हलला परीक्षेऐवजी सूत्राने दिलेल्या गुणांवरून देशभर गदारोळ उठला आणि १७ तारखेला सरकारने माघार घेतली. बीटेकवाल्यांचा विचार त्यानंतर झाला. १९ तारखेला, निकालांच्या आदल्या संध्याकाळी, पिअर्सनने फेरमूल्यमापनासाठी निकाल थांबवले आणि विद्यापीठाच्या जागेकडे डोळे लावून बसलेली मुलं ताटकळली.

आता तर वाटच उकरायला घेतली आहे. २०२० पासून टी-लेव्हल हे व्यवसायशिक्षणाचे नवे अभ्यासक्रम आले. त्यांत किमान ३१५ तास प्रत्यक्ष कंपनीत काम सक्तीचं. त्यांना जागा करण्यासाठी बीटेकचं अनुदान बंद करण्याच्या तारखा ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. ऑक्टोबर २०२५ च्या श्वेतपत्रिकेत व्ही-लेव्हल नावाची तिसरी जात जाहीर झाली. एक व्ही-लेव्हल एका ए-लेव्हलएवढी, दोन्ही मिसळून घेता येतील अशी. कल्पना चांगली आहे, पण दर तीन-चार वर्षांनी पाट्या बदलल्या की नुकसान त्या मधल्या तुकडीचं होतं.

दहावी करून आईवडिलांबरोबर तिकडे गेलेल्या मराठी मुलांनी म्हणूनच क्रम उलटा लावावा. आधी पदवी ठरवावी, मग त्या विद्यापीठाच्या पानावर बीटेकबद्दल नेमकं काय लिहिलं आहे ते वाचावं. लिहिलेलं नसेल तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर मागवावं आणि ते हातात आल्यावरच कॉलेजचा अर्ज भरावा. पुढच्या लेखात एचएनडी, म्हणजे थेट पदवीच्या शेवटच्या वर्षाकडे नेणारा डिप्लोमा.