व्यसनावरचे औषध आणि त्याची कसोटी

घरातील तरुण मुलगा व्यसनाच्या आहारी गेला, की आईबापांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की यावर एखादी गोळी नाही काय? रायपूरच्या समता कॉलनीतील घर असो, की पुण्यामुंबईकडचे, प्रश्न तोच. दारूच्या आणि अफूच्या व्यसनावर उपयोगी पडणारी औषधे आज आहेत. परंतु कोकेन, मेथअँफेटामीन, किंवा ‘एमडी’ या नावाने विकले जाणारे आणि २०१५ साली आपल्याकडे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेले मेफेड्रोन, अशा उत्तेजक द्रव्यांचे व्यसन सोडविण्यासाठी अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने मान्य केलेले एकही औषध अद्याप नाही.

या बाबतीत घाई किती महाग पडते, याची साक्ष इतिहास देतो. १८८४ साली व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड या तरुण डॉक्टराने आपल्या एका मित्राची मॉर्फीनची सवय सुटावी म्हणून त्याला कोकेन सुचविले. मॉर्फीन तर सुटले नाहीच, उलट कोकेनचे व्यसन जडले. पुढे १८९८ साली एका जर्मन कंपनीने हेरॉइन बाजारात आणले, ते खोकल्यावरचे गुणकारी औषध म्हणून! उपाय म्हणून जे आले, तेच रोग होऊन बसले.

आता या व्यसनाच्या औषधाची परीक्षा इतर औषधांहून अवघड का, ते पाहू. उत्तेजक द्रव्याने हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, प्रसंगी झटके येतात. उपचार घेणारा रोगी मधूनच पुन्हा त्या द्रव्याकडे वळण्याचा संभव मोठा असतो. म्हणजे औषध आणि विष ही दोन्ही एकाच वेळी त्याच्या रक्तात असणार. म्हणून औषध एकटे निर्धोक आहे, एवढे सिद्ध होऊन भागत नाही. प्रथम प्राण्यांवर आणि मग निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाल्यानंतर, पूर्वी कोकेन घेतलेल्या स्वयंसेवकांना रुग्णालयात ठेवून औषधाबरोबर मोजकी मात्रा दिली जाते, आणि नाडी, रक्तदाब व हृदयाचा आलेख यांवर सतत नजर ठेवली जाते.

डायसल्फिरामचे उदाहरण घ्या. हे दारू सोडविण्याचे जुने औषध कोकेनवरही चालेल, अशी आशा होती. परंतु अशा परीक्षेत दिसले, की त्यामुळे रक्तातील कोकेनचे प्रमाण वाढते. हेच औषध आपल्याकडे काही घरांतून मुलाच्या नकळत जेवणात मिसळले जाते! हेतू मायेचा असला, तरी वर दारू प्यायल्यास जिवावर बेतू शकते.

२०२१ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मेथअँफेटामीनचे व्यसन असलेल्या ४०३ जणांच्या या चाचणीत नाल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि बुप्रोपिऑनच्या गोळ्या यांचा एकत्र उपयोग करण्यात आला. औषध मिळालेल्यांपैकी १३.६ टक्के लोकांना गुण आला. औषधाचा आभास देणारे निष्क्रिय द्रव्य ज्यांना मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण २.५ टक्के होते. फायदा खरा, पण माफक. शिवाय बुप्रोपिऑनने झटक्यांचा धोका वाढतो आणि अफूवर्गीय द्रव्य घेणाऱ्याला नाल्ट्रेक्सोन दिल्यास तीव्र यातना होतात. तेव्हा ही औषधे कोणी स्वतःहून घेऊ नयेत.

आणखी एक प्रश्न नीतीचा आहे. व्यसनाने गांजलेला माणूस प्रयोगाला ‘हो’ म्हणतो, तेव्हा त्याची संमती कितपत मोकळी? आपल्या देशातील २०१९ च्या नियमांनुसार नीती समितीची मान्यता आणि समजून दिलेली संमती आवश्यक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळते आणि सहभागी व्यक्तीला केव्हाही बाहेर पडता येते. असाहाय्य माणसाचे रक्षण करणारे हे कुंपण होय.

मग तोवर करायचे काय? व्यसन टाळल्याबद्दल लहान लहान बक्षिसे देणारी पद्धत, समुपदेशन आणि कुटुंबाची साथ यांनी आज अधिक काम होते. पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने माणसाला सन्मानाने वागविण्यावर भर दिला. १४४४६ या क्रमांकावर देशभरातून विनामूल्य सल्ला मिळतो. गोळी येईल तेव्हा येवो; तोपर्यंत नकळत औषध घालण्यापेक्षा मुलाला विश्वासात घेऊन डॉक्टरांकडे नेणे, हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.