फटाका आधी कुणी ऐकला?

चल, एक खेळ खेळू! दोन मैत्रिणी हव्यात, दोघींकडे घड्याळ हवं, आणि एक मोठा फटाका. (तो मोठ्या माणसानेच लावायचा हं!)

एकीने शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं, दुसरीने एक किलोमीटर लांब बसस्टँडवर. शाळेमागे फटाका फुटला. धडाम! शाळेजवळचीने आधी ऐकला, बसस्टँडवालीने जवळजवळ 3 सेकंदांनी. आवाजाला एवढं अंतर यायला तेवढा वेळ लागतोच. दोघींनी वेळ लिहून ठेवली की फटाका कुठल्या बाजूला वाजला ते न बघता सांगता येतं!

पण समज, शाळेजवळचीचं घड्याळ 5 सेकंद पुढे आहे. मग? मग दिशा पार उलटी निघते, आणि वर भांडण होतं ते वेगळंच!

हाच खेळ आता हिंगोली जिल्ह्यात होणार आहे. खरंच! औंढा नागनाथजवळ, दुधाळा गावापाशी, 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहणार आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. दुर्बीण मात्र तिच्यात नाही! आहेत फक्त काटकोनात जोडलेले दोन नळ. एकेक नळ चक्क 4 किलोमीटर लांब, आणि आत लेसरचा प्रकाश.

इथला फटाका कोणता? दूर अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात, तो! त्या दणक्याने सगळं अवकाशच थरथरतं. ती थरथर इथवर पोचली की नळांची लांबी किंचित बदलते. किती? अणूच्या गाभ्यापेक्षाही कितीतरी कमी! लेसर तेवढंही पकडतो.

अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत, एकमेकींपासून सुमारे 3,000 किलोमीटरवर. 14 सप्टेंबर 2015 ला दोघींनी पहिल्यांदाच अशी थरथर टिपली. एकीने आधी, दुसरीने नंतर. किती नंतर, ओळख बघू! एका सेकंदाचे हजार तुकडे कर. त्यातले फक्त 7!

तुझी पापणी एकदा मिटून उघडते ना? तेवढ्यात असे सात-सात तुकडे दहाहून जास्त वेळा होऊन जातात. मग घड्याळं किती तंतोतंत जुळायला हवीत! म्हणून तिथली घड्याळं आपली वेळ जीपीएसच्या उपग्रहांकडून घेतात. मुख्य घड्याळ दर सेकंदाला एक इशारा सोडतं, आणि तो काचेच्या बारीक तारेतून नळाच्या टोकापर्यंत धावतो.

आता खरी मजा ऐक. इशारा धावतो प्रकाशाच्या रूपात, पण काचेतून 4 किलोमीटर जायला प्रकाशालाही वेळ लागतो! सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले सुमारे 20. म्हणजे 'आत्ता!' असं सांगणारा इशाराच उशिरा पोचतो. यंत्र काय करतं? तो उशीर स्वतःच मोजतं आणि वजा करून टाकतं. हुशार आहे की नाही!

आणि एवढ्या आकड्यांवर लक्ष कोण ठेवतं? यंत्र सेकंदाला 16,384 वेळा मोजमाप घेतं! आई टीव्ही, मिक्सर, तुझी बडबड, सगळ्यातून कुकरची शिट्टी नेमकी ओळखते ना? तसा संगणक या मोजमापांच्या गोंगाटातून ओळखीची थरथर शोधतो. दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी सापडली की खूण करतो. या खुणेला 'ट्रिगर' म्हणतात. 2015 ला तो 3 मिनिटांच्या आत वाजला! अशी थरथर गोंगाटातून हुडकायच्या गणितावर आपल्या पुण्याच्या 'आयुका' या संशोधन संस्थेतल्या संजीव धुरंधर यांनी खूप आधीपासून काम केलं होतं.

पण दोनच मैत्रिणी असल्या की दिशा नीट ठरत नाही. आकाशाचा मोठा पट्टा उरतो. म्हणून आणखी एक मैत्रीण हवी, हिंगोली! ती अमेरिकेपासून इतकी लांब, की थरथर पोचण्यात सेकंदाच्या हजार तुकड्यांपैकी तीसहून जास्त तुकड्यांचाही फरक पडू शकतो. अंतर जितकं जास्त, तितकी दिशा नेमकी!

2015 ची ती थरथर कुठून आली होती, ठाऊक आहे? दक्षिणेच्या आकाशातून. अमेरिकेच्या वेधशाळांसाठी ते क्षितिजाच्याही खाली होतं. म्हणजे ती वरून आलीच नाही, खालून, पृथ्वीच्या पोटातून आली! उद्या एखादी थरथर औंढ्यालाही हळदीच्या शेतांखालून येईल, आणि घड्याळ तिची वेळ टिपून ठेवेल!