वीणेच्या कुळातील गिटार

आश्विन शुद्ध नवमीस आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात. ज्याचे जे साधन, त्याची त्याने या दिवशी पूजा करावी असा प्रघात आहे. आमच्या सोलापुरात तर हा दिवस पाहण्यासारखा असतो. पूर्व भागात यंत्रमागांची खटाखट थांबते, माग पुसूनझाडून त्यांस हळदकुंकू वाहतात, रिक्षांवर झेंडूच्या माळा चढतात. आम्हां कीर्तनकारांच्या पाटावर चिपळ्या, झांजा, पेटी आणि तबलाडग्गा. गेली तीन वर्षे त्याच पाटावर एक गिटारही असते, आणि गेली तीन वर्षे दर्शनास येणारे कोणी ना कोणी विचारतेच, ‘बुवा, हे इथे कशाला?’ प्रत्येकास निराळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहावे, म्हणून हा प्रपंच.

तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीस, राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. घराणे मूळचे काश्मीरचे. त्याच्या आजोबांनी दक्षिणेची वाट धरली. राज्याच्या हिशेबाचे मोठे पद सांभाळून या पुरुषाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. (हिशेबनीस मनुष्य अरसिक असतो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. एक तार, पडदा एकही नाही. डाव्या हातात बांबूची एक लहानशी कांब धरायची, तिला ‘कम्रिका’ म्हणतात, आणि ती तारेवरून सरकवीत स्वर काढावयाचे. या वीणेचा दंड म्हणजे शंभू आणि तार म्हणजे उमा, अशी भावना शार्ङ्गदेवाने सांगितली आहे. पुढे उत्तरेत विचित्रवीणा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्य याच मार्गाने गेली. गिटार मांडीवर आडवी ठेवून तिच्या तारांवरून पोलादी कांडी फिरविण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रूढ झाली. जोसेफ केकुकू यास तिचे श्रेय देतात. त्या बेटांवर देवगिरीचा ग्रंथ पोचला होता असा आमचा दावा नाही. परंतु वीणा कोणती आणि परकी कोणती, हे लाकडाच्या आकारावरून ठरवू नये, एवढे आम्ही अवश्य म्हणू.

या गिटारीस आपल्या रागसंगीताच्या बैठकीत बसविले ते जोधपूरच्या पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी. ते अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. 1967 साली पं. शिवकुमार शर्मा व पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा संतूर, बासरी आणि गिटार एकत्र ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या होत्या. काब्राजी 2018 साली निवर्तले. जयपूरचे पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीवर तरफा व चिकारी चढवून तिचे ‘मोहनवीणा’ असे नामकरण केले. 1992 साली अमेरिकेतील सांता बार्बारा येथील एका प्रार्थनामंदिरात ते राय कूडर या गिटारवादकासह बसले. दोघांची ओळख होऊन घटकाभरही झाली नव्हती, तालीम मुळीच नव्हती. त्या वादनाच्या ध्वनिमुद्रिकेस 1994 साली ग्रॅमी पुरस्कार लाभला. ओळखपाळख नसता प्रथम बैठकीतच असे कसे वाजते, हाच खरा प्रश्न आहे. एखादे दिवशी उत्तम वाजविणारे पुष्कळ आढळतात. रोज, कोणत्याही सभामंडपात, कोणत्याही हवेत उत्तम वाजविणारे थोडे.

आमच्या साथीस बसणारा मुलगा एका यंत्रमाग कामगाराचा. घरी अप्रतिम वाजवी. पहिल्या कीर्तनास मात्र त्याची फजिती झाली. त्याने त्याच संध्याकाळी नव्या तारा चढविल्या होत्या. नवी तार ताणत राहते आणि स्वर उतरतो. शिवाय मंडपातील दिव्यांच्या उष्णतेने पोलाद प्रसरण पावते, तार सैल पडते. त्यात भीतीने हातास घाम. पडद्यांच्या वाद्यात बोट केसभर इकडेतिकडे पडले तरी पडदा सांभाळून घेतो. येथे कांडी जेथे थांबेल तेथेच स्वर. हात थरथरला की स्वर थरथरला. मुलगा रडकुंडीस येऊन म्हणाला, ‘बुवा, उद्यापासून मी येत नाही.’

आम्ही त्यास नाट्यशास्त्रातील सिद्धीचा अध्याय वाचून दाखविला. प्रयोग बिघडण्याची कारणे भरतमुनींनी किती बारकाईने मांडली आहेत! वारा, पाऊस, आग, हत्ती व सर्प यांचे भय, मुंग्या ही दैवी कारणे. प्रतिपक्षाने आरडाओरडा करणे, शेण फेकणे ही दुसऱ्यांनी केलेली. आणि विसरणे, मुकुट गळून पडणे ही आपली आपण ओढवलेली. मुनी आज असते तर वीज जाणे त्यांनी पहिल्या वर्गात घातले असते. मुलगा हसला. मग शार्ङ्गदेवाने गायकाचे जे गुण सांगितले आहेत त्यांपैकी तीन आम्ही त्याच्या वहीत लिहून दिले : ‘सावधान’, ‘जितश्रम’ आणि ‘ग्रहमोक्षविचक्षण’, म्हणजे कोठे धरावे व कोठे सोडावे हे जाणणारा.

पुढचे त्याचे त्याने केले. बापाच्या चालू मागाशेजारी बसून तो रियाज करू लागला. त्या गदारोळात आपली तार ऐकू आली की जगात कोठेही ऐकू येते, असे तो म्हणे. तारा दोन दिवस आधी बदलू लागला. कीर्तनापूर्वी तासभर येऊन मंडपातच बसे, कारण वाद्यासही तेथील उष्णता अंगवळणी पडावी लागते. आणि एकच रचना आरंभापासून घोकण्याऐवजी मध्येच कोठूनही उचलण्याचा सराव केला. कीर्तनास हेच हवे. बुवा केव्हा कोठे वळेल याचा नेम नसतो.

आता जे लिहितो ते आजवर घरीही बोललो नव्हतो. गतवर्षी सप्तमीस हरिश्चंद्राचे आख्यान लावले होते. तारामती रोहिदासाचे कलेवर घेऊन स्मशानी येते, त्या स्थळी पुढचे पद आम्हांस आठवेना. चाळीस वर्षे सांगत आलेले आख्यान! वय साठीच्या पुढे गेलेले; क्षणभर पायाखालची जमीन सरकली. ती स्तब्धता श्रोत्यांच्या ध्यानी येण्यापूर्वीच मंद्रातून एक स्वर निघाला. कांडी सावकाश वर सरकत होती. जोगियाचा कोमल ऋषभ लागला, त्याच्यामागून चाल आली, चालीचे बोट धरून शब्द आले. समोरच्या बायका डोळे पुसत होत्या. सर्वांस वाटले, बुवांनी मुद्दाम विराम घेतला. एकाने तर त्या विरामाची तारीफही केली, आणि आम्ही ती निमूटपणे घेतली. मुलगा त्याविषयी एक अक्षर बोलला नाही. गिटारीस पिशवीत घालून नमस्कार करून गेला.

त्या रात्रीपासून पदांची वही आमच्या उशाशी असते. यंदा सप्तमीस तेच आख्यान पुन्हा लावावे असा आमचा हट्ट आहे. घरच्यांस तो फारसा पसंत नाही.

नवमीस पूजा झाली की आमच्या घरी वाद्यास कोणी हात लावीत नाही. दशमीस सकाळी तो येतो, गिटारीवरचे फूल उचलून डोळ्यांस लावतो आणि तारा जुळवावयास बसतो. तरफांसह त्यास अर्धा तास लागतो. तोवर आम्ही शेजारी बसून वही चाळीत असतो.