भट्टीतला गोड खाऊ आणि त्याचे अन्नमूल्य

गेल्या काही वर्षांत आपल्याकडील बेकऱ्यांचे रूप पार पालटले आहे. पूर्वी काचेच्या बरण्यांतून खारी, बटर, नानकटाई आणि फार तर मावा केक एवढाच माल मांडलेला असे. आता त्यांच्या शेजारी ब्राउनी, मफिन आणि कुकी येऊन बसल्या आहेत. हा बदल चांगला की वाईट, असा वाद आम्हाला येथे घालावयाचा नाही. जिला आपण घरात घेतले, तिची थोडी विचारपूस करावी, एवढाच आमचा हेतू आहे. कारण खाऊ म्हणून आलेली ही वस्तू हळूहळू मुलांच्या डब्यात, चहाबरोबरच्या न्याहारीत, किंबहुना जेवणाच्याच जागी बसू लागली आहे. ती जागा तिला शोभते काय, हा खरा प्रश्न आहे.

ब्राउनी मूळची अमेरिकेची. शिकागो येथे १८९३ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी तेथील पामर हाउस या हॉटेलात ती प्रथम झाली, असे सांगतात. बॉस्टनच्या फॅनी फार्मर या पाककलेच्या शिक्षिकेने आपल्या पुस्तकाच्या १९०६ च्या आवृत्तीत चॉकलेटच्या ब्राउनीची कृती दिली. केकमध्ये मैदा पुष्कळ आणि सोडा किंवा बेकिंग पावडरही असते. त्यामुळे तो फुगतो. ब्राउनीत मैदा थोडा, साखर व लोणी अधिक. त्यामुळे ती बसकी, ओलसर आणि जड राहते. तिची चव आणि तिचे अन्नमूल्य ही दोन्ही याच प्रमाणातून येतात.

आता हिशेब करून पाहू. घरगुती कृतीत साधारणपणे १०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर, ११५ ग्रॅम लोणी, दोन अंडी, ४० ग्रॅम कोको आणि ५० ग्रॅम अक्रोड घेतात. साखरेच्या प्रत्येक ग्रॅममागे ४ उष्मांक मिळतात. म्हणजे एकट्या साखरेचे ८०० झाले. लोण्याचे सुमारे ८३०, मैद्याचे ३५०, अक्रोडांचे ३३०, अंड्यांचे १४० आणि कोकोचे ९० धरले, तर एकूण बेरीज २,५४० च्या आसपास जाते. त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश उष्मांक केवळ साखर आणि लोणी यांचे आहेत. या ताटाचे आठ तुकडे केले, म्हणजे बाजारात मिळतो तेवढा एक मोठा तुकडा होतो. त्यात सुमारे ३२० उष्मांक, २५ ग्रॅम साखर, १७ ग्रॅम स्निग्धांश आणि जेमतेम ५ ग्रॅम प्रथिने असतात. चोथा दोन-अडीच ग्रॅम. तोही बराचसा कोको आणि अक्रोडांच्या कृपेने.

याच्याशेजारी आपली पोळी ठेवून पाहा. ९० ग्रॅम कणकेच्या तीन पोळ्यांतून साधारण तेवढेच उष्मांक मिळतात. पण त्यांत प्रथिने सुमारे ९ ग्रॅम, चोथा १० ग्रॅम आणि वरून घातलेली साखर शून्य. शिवाय पोळी एकटी येत नाही. ती आपल्याबरोबर भाजी, उसळ किंवा डाळ घेऊन येते. ब्राउनी एकटीच येते आणि भूक मात्र मारून जाते. डब्यातला तिचा दोष असेल तर हाच. तिच्यात जे आहे त्यापेक्षा तिच्यामुळे जे खायचे राहून जाते, त्याचे नुकसान मोठे.

कोकोत लोह असते, ही गोष्ट खरी. परंतु एका तुकड्यात कोको येतो ५ ग्रॅम. त्यातून मिळणारे लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. ज्या मुलाला दिवसाला १,५०० उष्मांक लागतात, त्याच्या वाट्याला ही साखर ३७ ग्रॅम येते. एका तुकड्यातच २५ ग्रॅम संपली, तर दूध, सरबत आणि जॅम यांना उरले काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेही सुमारे दहा कोटी असल्याचा अंदाज निघाला. तेव्हा हा हिशेब मोठ्यांनीही मांडावयास हवा.

नानकटाईला आपण आपली म्हणतो, म्हणून तिला हिशेबातून सूट नाही. १०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम पिठीसाखर आणि ६० ग्रॅम तूप यांच्या बारा नानकटाया केल्या, तर एकीत ९४ उष्मांक, ५ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम तूप असते. प्रथिने मात्र एक ग्रॅमदेखील नाहीत. तिचा गुण एवढाच की ती लहान असते. पण चहाबरोबर चार खाल्ल्या की ब्राउनी पुरी वसूल झाली!

आता मोहनाविषयी. मोहन नसेल तर पदार्थ खुसखुशीत होत नाही. मैद्याचा चिवटपणा ते मोडते. प्रश्न आहे तो मोहन कशाचे घातले याचा. पातळ तेलावर हायड्रोजनची क्रिया करून ते घट्ट करण्याचे पेटंट जर्मनीच्या नॉर्मान यांनी १९०२ साली घेतले. पुढे हेच घट्ट तेल वनस्पती तूप म्हणून आपल्या बेकऱ्यांत रूढ झाले. ते स्वस्त आणि टिकाऊ होते. परंतु ही क्रिया अर्धवट झाली की ट्रान्स फॅट नावाचा स्निग्धांश तयार होतो. तो रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगले कमी करतो, म्हणजे हृदयाला दुहेरी अपाय करतो. १ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेले, तुपे आणि त्यांपासून केलेले पदार्थ यांत त्याचे प्रमाण एकूण स्निग्धांशाच्या दोन टक्क्यांपलीकडे असू नये, असा नियम आहे. आपल्याकडे घरचे पीठ, तूप आणि साखर बेकरीत नेऊन बिस्किटे भाजून आणण्याची चाल होती आणि काही ठिकाणी ती अजूनही आहे. तीत एक शहाणपण होते. मोहन कोणते आणि किती, हे खाणाऱ्याला ठाऊक असे.

आणखी एका भ्रमापासून सावध राहावयास हवे. पाटीवर ‘कणकेची’, ‘गुळाची’, ‘बिनअंड्याची’ असे शब्द दिसले की आपण निर्धास्त होतो. कणकेत मैद्याच्या चौपट चोथा असतो, हा लाभ खरा आहे. परंतु गुळाचे उष्मांक साखरेच्या जवळपासच आहेत. अंडे वगळून कंडेन्स्ड मिल्क घातले, तर प्रथिनांबरोबर साखरही वाढते. पाकीट असेल तर ते उलटून वाचावे. घटकांच्या यादीत जो जिन्नस वजनाने अधिक तो आधी लिहिलेला असतो. साखर पहिल्या-दुसऱ्या स्थानी असेल, तर पुढचे गुणवर्णन किती मानावे हे आपले आपणच ठरवावे. आकडे बहुधा १०० ग्रॅमचे असतात. आपला तुकडा केवढा, तेही पाहावे.

मग खावे की नाही? खुशाल खावे, पण खाऊ म्हणून, पोटभर जेवण झाल्यावर, आणि ताटाचे आठ नव्हे तर सोळा तुकडे करून. घरी करताना साखर थोडी कमी करता येते. अर्ध्यावर आणली तर मात्र ओलावा जाऊन पदार्थच बदलतो, म्हणून साखरेपेक्षा तुकडा लहान करणे अधिक सोपे. अक्रोड महाग वाटले तर शेंगदाणे घालावेत. प्रथिने उलट वाढतील. आपल्या सणांतही गोडाला एक दिवस आणि पानात एक जागा नेमून दिलेली असते. भट्टीतल्या या नव्या पाहुणीलाही तेवढीच जागा द्यावी. डब्यातली पोळी मात्र तिच्यासाठी उठवू नये.