रक्तमोक्षण आणि पहिले रक्तदान

‘वैद्यराज, जळवा लावण्याऐवजी रक्तदानच केले तर चालेल का?’ त्वचाविकाराच्या रुग्णाच्या या प्रश्नाला वैद्याचे उत्तर निःसंदिग्ध असावे. रक्तमोक्षणाने दुष्ट रक्त देहाबाहेर काढले जाते. दान केलेले रक्त दुसऱ्याच्या देहात जाते. म्हणून रक्तदान हा उपचार नव्हे, ते निरोगी व्यक्तीचे दान होय. वयाची १८ वर्षे पूर्ण, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. साधारणतः ३५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. प्रथमच रक्त देणाऱ्याने उपाशी जाऊ नये. चालू असलेली सर्व औषधे, आपण दिलेले काढे व भस्मेदेखील, रक्तपेढीच्या डॉक्टरांना सांगावीत. वैद्याने स्वतः रक्तदान केलेले असल्यास रुग्णाचे भय दूर करणे सोपे जाते.