धावताना पाय बधिर का होतात?

पोलीस भरतीची चाहूल लागली की यवतमाळ जिल्ह्यातील रस्ते पहाटे चारलाच जागे होतात. पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा. कोणत्याही गावाबाहेर तरुणांचे घोळके धावताना दिसतात. मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर धावण्याची चाचणी असते आणि एकेका सेकंदावर गुण ठरतात. अशा तयारीत पायाला मुंग्या आल्या, चवडा सुन्न झाला, तर त्याकडे कोण लक्ष देणार? दुखत तर नाही! नेमकी इथेच चूक होते. वेदना माणसाला थांबवते. बधिरता थांबवत नाही.

बहुतेक वेळा ही बधिरता निरुपद्रवी असते आणि तिचे मूळ बुटात सापडते. क्वचित मात्र ती मज्जातंतूच्या आजाराची पहिली खूण असते. हा फरक ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. बधिरता केव्हा येते? पायाच्या कोणत्या भागात येते? आणि बूट काढल्यावर ती जाते का?

बुटाचा दोष

पायाच्या वरच्या बाजूने, घोट्यासमोरून एक मज्जातंतू खाली उतरतो आणि अंगठा व त्याच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यातील संवेदना सांभाळतो. बुटाची नाडी करकचून बांधली की तो दाबला जातो व तेवढाच भाग सुन्न होतो. उपाय सोपा आहे. नाडी सैल करावी किंवा जिथे दाब येतो तिथल्या एका छिद्रातून ती ओवूच नये.

दुसरे कारण म्हणजे अरुंद बूट. मोठ्या भावाचे जुने किंवा बाजारातून घाईने आणलेले बूट पुढे निमुळते असतील, तर चवड्याची हाडे एकमेकांवर दाबली जातात आणि त्यांच्यामधून जाणारा तंतू चेंगरतो. तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मधे मुंग्या येतात, बुटात खडा अडकल्यासारखे वाटते. हे दीर्घकाळ चालले तर त्या तंतूभोवती गाठीसारखा जाडपणा येतो. वैद्यकशास्त्रात त्याला ‘मॉर्टन्स न्यूरोमा’ म्हणतात. धावताना आणि दिवस चढताना पाय किंचित फुगतात. म्हणून बूट सायंकाळी घ्यावेत आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी ठेवावी.

पोटरी, घोटा आणि गुडघा

काहींना दर वेळी ठरावीक अंतर धावल्यावर नडगी किंवा पोटरी ताठरते, पाऊल बधिर होते आणि थांबल्यावर काही मिनिटांत सारे पूर्ववत होते. स्नायूंवरील आवरण ताणले न गेल्याने आतला दाब वाढतो, हे त्यामागचे कारण असू शकते. घोट्याच्या आतल्या बाजूला तंतू दाबला गेला, तर तळव्यात जळजळ व मुंग्या जाणवतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला तर एक तंतू अगदी हाडालगत असतो. शेतात तासन्तास उकिडवे बसून निंदण करणाऱ्यांचा हा तंतू दाबून पाऊल लुळे पडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. सकाळी धावणे आणि दिवसभर निंदण, अशी दिनचर्या असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कंबरेतून निघणारी कळ पायात उतरत असेल, तर मणक्याचा विचार करावा लागतो. दोन्ही पावले सारखीच बधिर होत असतील, तर मधुमेह व ‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता यांच्यासाठी रक्ततपासणी करावी. फवारणीतील काही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची विषबाधा झाल्यास दोन-तीन आठवड्यांनी पायांत बधिरता व अशक्तपणा येऊ शकतो. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी घेतले. त्यामुळे फवारणी केली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

जी बधिरता जातच नाही

बूट काढले, दोन दिवस विश्रांती घेतली, तरीही एखादा भाग सुन्नच राहिला, तर विदर्भात आणखी एक शक्यता तपासावीच लागते. ती म्हणजे कुष्ठरोग. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन ज्या प्रदेशात उभे राहिले, तिथे या रोगाची ओळख नवी नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशाने राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. परंतु रोग संपला नाही. विदर्भात आजही नवे रुग्ण आढळतात.

अंगावर कुठेही फिकट वा लालसर चट्टा आहे का, हे पाहावे. तो खाजत नाही, दुखत नाही, तिथे घाम कमी येतो. डोळे मिटून दुसऱ्याला बॉलपेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करायला सांगावे. स्पर्श कळला नाही, तर आरोग्य केंद्र गाठावे. काही रुग्णांत चट्टा नसतोच. केवळ तंतू जाड होऊन हात-पाय बधिर होतात. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे रोगाने झडत नाहीत. संवेदना नसल्याने झालेल्या, लक्षात न आलेल्या जखमांनी ती जातात. बधिर तळव्याने रोज धावणाऱ्या तरुणाला हा धोका किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

सहा किंवा बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रांत औषधे मोफत मिळतात आणि उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच संसर्गाची भीती राहत नाही. तंतूची हानी मात्र उशीर झाल्यास भरून येत नाही. भरती हुकेल, लग्न मोडेल, या भीतीने चट्टा लपवणारा तरुण आपले पाऊलच पणाला लावत असतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बधिरता दोन-तीन आठवडे टिकली, वाढत गेली, पाऊल उचलताना फरफटू लागले, नकळत जखम वा फोड दिसला, तर थांबू नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे. पहिली तपासणी तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

उद्या पहाटे धावून आल्यावर बूट काढा आणि उजेडात दोन्ही तळवे नीट पाहा. या सवयीला दोन मिनिटे लागतात.