जमीन तीच, झाडं नवी : व्हो-ल-व्हिकाँतची बाग

फ्रान्समधली जुनी बाग म्हटलं की आपल्यासमोर व्हर्साय उभं राहतं. आज आपण तिच्या थोरल्या बहिणीकडे जाणार आहोत. पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे ५० किलोमीटरवर व्हो-ल-व्हिकाँत नावाचा महाल आहे आणि महालाच्या मागे आखीवरेखीव बाग. ही सतराव्या शतकातली बाग म्हणून ओळखली जाते. पण झाडं मरतात, माळी बदलतात, मालक बदलतात. मग आज तिथे उभं राहून आपण सतराव्या शतकातलं नक्की काय बघतो? आजचा आपला प्रश्न एवढाच आहे.

आधी माणसं बघू. ही जागा निकोला फुके यानं १६४१ मध्ये घेतली. १६५३ पासून तो राजाच्या खजिन्याचा मुख्य कारभारी होता. पैसा होता, हौस होती आणि माणसं पारखायची नजर होती. इमारतीसाठी त्यानं लुई ल व्हो, सजावटीसाठी शार्ल ल ब्रँ आणि बागेसाठी आंद्रे ल नोत्र असे तिघे एकत्र आणले. एकाच आराखड्यात महाल, पाणी आणि जमीन एकमेकांना धरून बसवायची, हा त्यांचा विचार.

आता ल नोत्रनं केलं काय, ते नीट समजून घेऊ. महालाच्या पायऱ्यांवर उभे राहा. समोर वेलबुट्टीचे गालिचे, मग एक गोल तळं, त्यापुढे एक चौकोनी तळं आणि त्याला अगदी लागून दगडी गुहांची भिंत. सगळं एका नजरेत मावतं. लांबची वस्तू लहान दिसते, हे आपल्याला ठाऊक आहेच. ल नोत्रनं लांबचं तळं मुद्दाम बरंच मोठं केलं, म्हणून दोन्ही तळी साधारण सारखी वाटतात आणि बाग आहे त्यापेक्षा आटोपशीर भासते.

मग तुम्ही चालायला लागता, आणि गुहा काही जवळ येत नाहीत. चौकोनी तळं ओलांडलं की जमीन एकदम खाली उतरते. तिथे, आत्तापर्यंत अजिबात न दिसलेला, जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा कालवा आडवा पसरलेला असतो. आंकय नावाची छोटी नदी वळवून तो भरलेला आहे. तळ्याला चिकटलेल्या वाटणाऱ्या गुहा खरं तर कालव्यापलीकडे आहेत, आणि तिथे पोचायला वळसा घालावा लागतो. ही सगळी गंमत फुलांची नाही. जमिनीची उंची किती ठेवायची, कुठे तोडायची, पाणी कुठल्या पातळीवर अडवायचं, या हिशोबाची आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७ ऑगस्ट १६६१ ला फुकेनं तरुण राजा चौदाव्या लुईला मेजवानी दिली. मोलिएरचं नवं नाटक झालं, दारूकाम झालं. तीन आठवड्यांच्या आत, ५ सप्टेंबरला, फुकेला अटक झाली. बाग बघून राजा जळफळला आणि त्यानं कारभाऱ्याला आत टाकलं, ही गोष्ट सांगायला फार छान आहे. पण फुकेला हटवायचं हे मेजवानीच्या आधीच ठरलेलं होतं, त्याचा प्रतिस्पर्धी कोल्बेर त्याच्या मागे लागला होता. न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली, राजानं ती वाढवून जन्मठेप केली. फुके १६८० मध्ये कैदेतच गेला. राजानं इथल्या मूर्ती, पडदे, अगदी संत्र्याची झाडंसुद्धा उचलून नेली आणि ल नोत्रसह तिघांनाही व्हर्सायच्या कामाला लावलं.

म्हणजे बागेतलं जे हलवता येत होतं, ते तेव्हाच गेलं. पुढे जागा हातोहात फिरली. १८७५ मध्ये लिलावात ती साखरेच्या धंद्यातल्या आल्फ्रेद सोमिये यांनी विकत घेतली, तेव्हा तिची दशा वाईट होती. सोमियेंनी कारंजी चालू केली, नव्या मूर्ती बसवल्या. टोकाला उभा असलेला तो भव्य हर्क्युलिस आपल्याला ‘मूळचा’ वाटतो ना? तो सोमियेंच्या काळातला. आणि पैठणीच्या पदरासारखी दिसणारी ती प्रसिद्ध वेलबुट्टी? ती आशिल द्युशेन यांनी १९२३ मध्ये नव्यानं आखलेली. सगळ्यांनी फोटो काढले ते विसाव्या शतकाचे.

इथे खरा पेच येतो. ही वेलबुट्टी बॉक्सवूडच्या झुडपांची होती. बुरशी आणि अळी यांनी ती झुडपं इतकी खंगली की २०१९ मध्ये काढून टाकावी लागली. त्या जागी तात्पुरत्या म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची नक्षी मांडली गेली. आता पुढे काय लावायचं? तेच झुडूप लावलं तर रोग पुन्हा येणार. वेगळं लावलं तर ‘हे जुनं नाही’ अशी ओरड. आणि जुनं म्हणजे कुठलं, १६६१ चं की १९२३ चं?

आपल्याला वाटतं, उत्तराची दिशा त्या कालव्यापाशी आहे. झुडपं कितीदा तरी बदलली, पण पायऱ्यांवरून कालवा दिसत नाही, तो आजही दिसत नाही. जमिनीचे उतार, तळ्यांची मापं, त्यांच्यातली अंतरं, यांत ल नोत्र अजून शाबूत आहे. म्हणून वरचं हिरवं बदलायला फार घाबरू नये. मात्र एखादा उतार सपाट केला, नजरेच्या रेषेत वाहनतळ बांधला, तर ती बाग कुठल्याही रोपवाटिकेतून परत आणता येणार नाही.

तेव्हा जुन्या बागेत गेलात, मग ती कुठलीही असो, तर फुलांआधी पायाखालची जमीन बघा. ती कुठे चढते, कुठे उतरते, पाणी कुठे लपवलंय. आखणाऱ्याची सही बहुतेक तिथेच सापडते. आता तुमचे प्रश्न घेऊ.